सव्वा मूठ

आमच्या घरात कानबाईच्या रोटाला पुरुष मोजतात. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आदल्या दिवशी दळणाचे गहू काढताना घरातला सगळ्यात मोठा माणूस एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू पाटीत टाकतो. पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडते. त्याला स्वतःचा शेंबूड पुसता येत नसतो, पण मूठ असते. बायकांची पडत नाही. बायकांनी ते गहू निवडायचे, दळून आणायचे आणि त्या पिठाच्या पोळ्या लाटायच्या. त्या पोळ्या म्हणजे रोट. रोट खायचा तो फक्त कुळातल्यांनी. मुलगे, सुना, आणि लग्न होईपर्यंत मुली. परक्याला कोर द्यायची नाही.

माझी मूठ मी जन्मले त्या वर्षापासून पडत होती, हितेंद्र या नावानं. त्या नावाचा माणूस कधी नव्हताच, पण गहू मात्र त्याच्या नावानं बिनबोभाट दळले गेले.

यंदा मी ठरवून घरी गेले. मला मूठ नको होती आणि रोट हवा होता. बाकी काही नको. शेत नको, माफी नको, कुणी गळ्यात पडून रडायला नको. आपल्या घरचा रोट हवा, तोही ऋतिका म्हणून. एवढ्याशा गोष्टीसाठी घरचे माझा जीव घ्यायला निघाले.

मी जळगावला साडीच्या दुकानात आहे. साडीच्या दुकानात सेल्समन पोरांनाच साडी खांद्यावर घेऊन दाखवावी लागते, पदर असा, काठ असा. बाकीची पोरं गिऱ्हाईक वळलं की साडी ओढून काढायची. माझ्या खांद्यावरची उतरायला उशीर व्हायचा. ते पहिल्यांदा मंजूभाभींच्या लक्षात आलं. भाभी म्हणजे दुकानाचे मालक केवलचंद शेठ यांच्या पत्नी. "तुझ्यावर बघितली की बाई दुसरी साडी मागतच नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. पुढे धुळ्याच्या डॉक्टरांकडे दोन वर्षं खेपा घातल्यावर एके दिवशी मी सलवार-कमीज घालून दुकानात गेले. शेठ दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी गल्ला बंद करताना म्हणाले, "टाइमावर येत जा." शेठ काही संत नव्हेत, पण धंदा त्यांना कळतो.

त्या दिवशी बाजारात एकानं शीळ घातली, एकानं शिवी दिली. मी जाऊन एकटीनं भरीत-पुरी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ठेच्याचं नव्हतं. इतकी खूश मी उभ्या जन्मात नव्हते.

घरी हे सगळं मी फोनवर सांगून टाकलं होतं. वडिलांनी, म्हणजे नानांनी, ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग कितीतरी महिने काही नाही. श्रावण लागल्यावर मात्र फोन आला, कारण ज्याची मूठ पडते त्यानं हजर राहायचं असतं. "रोटले ये," नाना म्हणाले. "अन् सुधरीसन ये."

मी पाचोऱ्याहून काळीपिवळीनं गेले. गाडी पारापाशी थांबली. हिरवा कमीज, हातात बांगड्या, मानेवर वेणी. पारावरच्या पत्त्यांचा डाव थांबला. "गिरधरना आंडोर ऊना रे," कुणीतरी नानांचं नाव घेऊन ओरडलं, आणि सगळे खिदळले. आमच्याकडे मुलाला आंडोर म्हणतात आणि मुलीला आंडेर. एका कान्याचा फरक. तेवढा काना पुसायला माझी अर्धी जवानी गेली.

नाना दारातच उभे होते. हातात माझ्या चुलतभावाची, तेजसची, पँट आणि शर्ट.

"हाई काय सोंग शे?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, नाना?"

मी हसून म्हटलं, ते त्यांना जास्तच लागलं. त्यांनी कपडे माझ्या छातीवर फेकले. "दोन दिन पँट घाल. कानबाई उठनी का जाय तुना जयगावले, तठे काय करानं ते कर. आठे तू मना आंडोर शे."

"मी पँट नई घालस."

आई त्यांच्या मागे होती. बेबाबाई तिचं नाव, आणि स्वभाव असा की नवऱ्याला विचारल्याशिवाय शिंकायची नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं आणि पदर तोंडावर घेऊन आत गेली. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

ओटीवर भावकी जमली होती. मधोमध आमचे आजोबा, उखर्डूआबा, पुढ्यात गव्हाचं पोतं आणि रिकामी पाटी. पुरुष बाजेवर आणि सतरंजीवर. बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मी पँट तशीच उंबऱ्यावर ठेवली आणि बायकांच्या दारात जाऊन उभी राहिले. दीपककाकाची सून झटकन बाजूला सरकली, जणू मला खरूज झाली होती.

आबा नावं घेऊ लागले. "उखर्डू." सव्वा मूठ. "गिरधर." सव्वा मूठ. "दीपक. तेजस." गहू पाटीत पडत होते. मग त्यांनी मान वर केली, दारात मला शोधलं आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "हितेंद्र." मूठ पडली.

"आबा," मी म्हटलं, "हितेंद्र कोनी नई शे. ऋतिका शे मी."

तेजसनं मोबाईल काढला. त्याला घरातलं भांडण म्हणजे फुकटचा सिनेमा. नाना उठले, पण आबांनी हात आडवा केला. आबांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"मूठ पडस तवलोंग तू मानूस. मूठ नई ते कोन शे तू? सांग. कोन शे?"

"मंग नका टाकू."

आबांनी पाटीत हात घातला. एक मूठ आणि वर चिमूटभर गहू मोजून बाहेर काढले. एवढ्या रागातही त्यांनी सव्वाचा हिशेब सोडला नाही, आणि मग ते गहू माझ्या तोंडावर फेकले. "जाय! आजपासीन या घरमा तुनी मूठ नई! मरीसनबी नई!"

गहू केसांत अडकले, कमीजवरून ओघळले, पायाशी सांडले. आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मूठ काढणं म्हणजे आमच्याकडे जिवंतपणी दहावा घालणं. आमच्या घराण्यात असं झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बाजेवरची माणसं माझ्याकडे बघत होती. मी आता पाया पडेन, निदान रडेन, अशी त्यांची खात्री होती.

आणि मला हसू फुटलं. पोटातून आलं, आवरेना.

"येडं व्हयनं," तेजस म्हणाला.

"आबा," मी डोळे पुसत विचारलं, "या घरमा मूठ कोनी नई ऱ्हास?"

कुणाची मूठ नसते, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. ते उत्तर डोक्यावर पदर घेऊन माझ्या अवतीभवती उभं होतं. आबा काठी घेऊन तडक पाराकडे निघून गेले. उरलेल्या मुठी दीपककाकानं टाकल्या.

नानांनी माझा दंड धरला. "चाल. गाडीवर बसाडी देस तुले."

"गिरधर, सोड." हे भिकुजिजी म्हणाली. जिजी म्हणजे नानांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे आणि गोड बोललेली तिला कुणी ऐकली नाही. ती माझ्याकडे बोट दाखवून खेकसली, "गहूले पाय लागी ऱ्हायना, दिखत नई? येची ले बठ्ठा!"

मी उकिडवी बसले आणि एकेक दाणा वेचला. नाना तिथेच उभे होते, पण वेचणाऱ्या माणसाला ओढून कसं न्यायचं ते त्यांना सुचेना. मूठ भरली. पाटीत टाकायला गेले तर जिजी पुन्हा खेकसली, "खाले पडेल देवले चालस का? कोंबड्यासले टाक."

मागच्या अंगणात मी हितेंद्रची सव्वा मूठ कोंबड्यांना घातली. मिनिटभरात त्यांनी त्याचा निकाल लावला. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटत नाही याचंच थोडं वाटलं.

"हात धुई ये," आतून जिजीचा आवाज. "डाय निवडनी शे. आठे पाव्हनी ऊनी का तू?"

तो दिवस आणि रविवार मी स्वयंपाकघरात काढला. नाना दारापर्यंत येऊन दोनदा परत गेले. जिजीच्या राज्यात पाऊल टाकायची पुरुषांची छाती नाही. आतही कुणी माझे लाड केले नाहीत. दीपककाकाच्या सुनेनं पाट लांब ओढला. आई माझ्या बाजूला वळली नाही. मी डाळ निवडली, पुरण वाटलं, माझ्या पोळ्या वाकड्या झाल्या म्हणून जिजीनं उद्धार केला. "साड्या इकस, पोयी लाटता येत नई!" कानबाईला हात लावू दिला नाही. मी लांबून नमस्कार केला.

दिवेलागणीला पुरुष जेवून उठले. आबांनी त्यांना स्वतःच्या हातानं रोट वाढले होते, मऊ, तुपानं निथळणारे. मग बायकांची पंगत बसली, चुलीजवळ, ताटल्या कमी म्हणून दोघी-दोघींत एक. मी भिंतीशी उभी होते. जिजी वाढत वाढत आली आणि माझ्यापुढे रोट धरला.

आई घाबरून उठली. "जिजी, तिले देऊ नका. आबा चिडतीन."

तिले. मी आईकडे बघितलं. आपण काय बोललो हे तिला कळलंही नव्हतं. ती दाराकडे बघत होती, आबा ऐकतात की काय म्हणून.

"चिडू दे," जिजी म्हणाली. "आबानीच मूठ काढी ना? मूठ नई ते आंडेर व्हयनी. आंडेरले रोट देनं पडस." मग माझ्याकडे वळून, तशीच कपाळाला आठ्या घालून, "लगीन व्हयनं का बंद. अन् जास्ती खूश नको व्हऊ. उठीसन भांडा घासना शेतस."

मी आईच्या शेजारी बसले. ती सरकली नाही. ताटली एकच होती, तिनं ती दोघींच्या मध्ये ढकलली.

रोट खालून काळा झालेला होता. तव्यावरचे पहिले आणि शेवटचे बायकांच्याच वाट्याला येतात. मी सगळा खाल्ला, करपलेल्या कडेसकट.