नात्याचा रकाना

मेहजबीनने अर्ज स्वतःच्या हाताने भरला आणि तिथेच घोळ झाला. विश्रांतवाडीच्या पोस्टात वीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासणारी बाई. पण ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात तिने बेधडक ‘बहीण’ लिहून टाकलं.

त्यात तिचं तरी काय चुकलं? ती आठ दिवसांची असताना तिची आई गेली. कसबा पेठेतल्या शेजारच्या शहजादीने आपल्या तान्ह्या अकबरबरोबर तिलाही पाजलं, वाढवलं. एका बाईचं दूध प्यायलेली पोरं म्हणजे भावंडं, त्यांचं आपसात लग्नसुद्धा होत नाही, हे त्यांच्यात शेंबडं पोरही सांगेल. सरकारला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आता अकबरच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याच्या बायकोला, आलियाला मधुमेह, शहजादी बाहत्तरची. किडनी जुळली ती मेहजबीनचीच. ऑपरेशनची तारीखही ठरली, आणि कागद तपासताना दोघांच्या आयांची नावं वेगळी निघाली.

“आता समितीपुढे जावं लागेल,” हॉस्पिटलचा समन्वयक वरद म्हणाला. “परक्याने अवयव दिला की पैशाचा व्यवहार नाही ना, ते बघतात. त्यात तुमची माहिती खोटी.”

मेहजबीनला तुरुंगाची भीती होतीच, पण समितीने नाही म्हटलं तर अकबरला दुसरी किडनी देणार कोण? प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षं जातात.

समितीच्या खोलीत टेबलामागे तिघं बसली होती, समोर मेहजबीन आणि शहजादी. कॅमेरा चालू होता. अकबर बाहेर बाकावर. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते.

“काही मोबदला ठरलाय?” वकील प्रियदर्शनीबाईंनी विचारलं.

“नाही हो! भाऊ आहे तो माझा.”

“पुरावा?”

“दूध पाजल्याची पावती घ्यायची असते, हे तेव्हा कुणी बोललं नाही,” शहजादी म्हणाली. कुणी हसलं नाही. मेहजबीनला वाटलं, संपलं सगळं.

पण बाईंचा आवाज जरा निवळला. “माझा विश्वास बसतोय. फक्त कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांत दूधभाऊ येत नाही. आपुलकीपोटी म्हणून देता येईल. आधीची नोंद चुकीची होती, असं प्रतिज्ञापत्र द्या. आजी साक्षीदार म्हणून सही करतील.”

कागद टाइप होऊन आला. मेहजबीनने घाईने सही ठोकली.

“वाचून दाखव,” शहजादी म्हणाली.

मेहजबीनने हळूच वाचलं. “अकबर हे माझे भाऊ नाहीत. आमच्यात कोणतेही नाते नाही.”

शहजादीने पेन खाली ठेवलं. “खोट्याखाली मी सही करायची नाही.”

मेहजबीन तिच्याकडे वळली. तिघंही बघत होती. “अम्मी, त्याचे पाय बघितलेस ना?”

“बघितले. म्हणून तुला परकी म्हणू?”

“म्हण. आज एकदा म्हण.”

शहजादीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. तिने कशीबशी सही केली आणि कागद बाईंकडे सरकवला.

“परवा निर्णय कळवू,” बाई म्हणाल्या.

दोघी बाहेर आल्या. अकबर बाकाला धरून उठला. “काय झालं? आपण भावंडं आहोत, हे पटलं का त्यांना?”

शहजादी भिंतीकडे बघत राहिली.

“पटलं,” मेहजबीन म्हणाली.