आजारी व्यक्तीच्या रकान्यात

लिफ्टवाल्याची पाठ बरी झाली आहे, हे त्याला रविवारी चर्चमध्ये उपासनेला बाकावर टेकताना कळलं. लिफ्ट दुरुस्त करायला तिच्या खालच्या खड्ड्यात वाकून वाकून पाठ नऊ वर्षं दुखत होती. आज तो बसला आणि काहीच झालं नाही. कळ चुकून राहून गेली असेल म्हणून त्याने थोडी वाट पाहिली. पाठ गप्पच. दुसऱ्या कुठल्या महिन्यात हे झालं असतं तर त्याने पेढे वाटले असते. आता त्याला फक्त एवढंच वाटलं, की चला, एक तक्रार कमी.

घरी बायको होती. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे अख्खी गल्ली तिला बाई म्हणायची. लग्नाला वर्ष झालं आणि नवराही म्हणायला लागला. बाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी सहा केमो सांगितल्या होत्या. तिसरी गुरुवारी झाली, आणि शुक्रवारी बादलीतून डोकं वर काढून बाईंनी निकाल जाहीर केला. "चौथीला मी येणार नाही. पस्तीस टक्क्यांना पास करतात. माझे पन्नास झालेत."

नवरा "बरं" म्हणाला आणि बादली धुवायला गेला.

त्याला ते बरं वाटलं नव्हतं. पण बाईंशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नव्हतं, शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा नाहीत. शिवाय त्याच्या मागे चर्चची मंडळी होती. साठ माणसं बाईंसाठी प्रार्थना करत होती. स्वतः गुडघे टेकले तर पुन्हा उठवेल याची खात्री नसल्यामुळे, देवाशी बोलायचं काम त्याने तीन आठवड्यांपूर्वी चर्चची प्रार्थना-विनंतीची चिठ्ठी भरून त्यांच्यावर सोपवलं होतं. बाईंचं मन वळवायचं ते देव वळवेल. आपण बादली बघावी.

मंडळी तेव्हापासून जरा विचित्र वागत होती खरी. "तब्येत कशी?" असं ते त्याच्याच नाडीला हात लावून विचारायचे. एका काकूंनी डबाभर सूप दिलं आणि बजावलं, "तुम्हीच प्यायचं हं, बाईंना नाही द्यायचं." तो प्यायला. दमलेला माणूस सूपला प्रश्न विचारत नाही.

गीत संपलं, तसे पाळकसाहेब हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "आपले बंधू लिफ्टवाले. तीन रविवार आपण यांच्या आजारासाठी प्रभूकडे रडतोय. आज चेहरा बघा यांचा. या, साक्ष द्या."

तो माइकपाशी गेला. साठ चेहरे त्याच्याकडे प्रेमाने बघत होते.

"माझी पाठ बरी झाली," तो म्हणाला.

"हालेलुया," मंडळी म्हणाली.

"पण कॅन्सर मला नाही. बाईला आहे."

मागच्या बाकावरून एकाने सवयीने हालेलुया म्हटलं आणि मग ते खोकल्यात मिसळून टाकलं.

चिटणीस मावशींनी फाईल काढली. मावशींकडे सगळ्याची फाईल असायची. चिठ्ठीत दोन रकाने होते. वर 'विनंती करणारा', तिथे बाईंचं नाव. खाली 'आजारी व्यक्ती', तिथे त्याचं. अक्षर त्याचंच होतं. महिनाभर हॉस्पिटलचे कागद भरून हाताला वळण लागलं होतं: तिथे आधी पेशंट, मग नातेवाईक. देवाच्या कागदावर क्रम उलटा असेल, हे हाताला कोण सांगणार?

"काही बिघडत नाही," पाळकसाहेब म्हणाले. "देवाला कळतं कुणासाठी आहे ते."

"कसं कळेल?" निवृत्त पोस्टमास्तर उठून उभे राहिले. "पत्ता यांचा. पत्र यांना पोचलं. पाठ बरी झाली म्हणजे यांनी सही करून घेतलंसुद्धा. घेतलेलं पत्र पुढे पाठवता येत नाही, पास्टर. मी बत्तीस वर्षं नोकरी केलीय."

"आजपासून बाईंसाठी करू," मावशी म्हणाल्या.

"करा. पण मागचे तीन आठवडे गेले ते गेले."

लिफ्टवाला माइकपाशी तसाच उभा होता. त्याला पोस्टमास्तरांचं पटत नव्हतं. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. ह्या तीन आठवड्यांत बाईसाठी कोणीच काही मागितलं नव्हतं. साठांनी नाही, आणि एकसष्टाव्यानेही नाही.

घरी बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सूपसुद्धा सांगितलं.

बाईंच्या खांद्यात हसण्यासारखं काहीतरी हललं. "म्हणजे माझ्या आजारावर तुम्ही बरे झालात."

"तसंच."

"आणि तुम्ही स्वतः? तुम्ही नाही केलीत प्रार्थना?"

"दमलो होतो गं. वाटलं, एवढी माणसं करतायत."

बाईंना उलटी आली. त्याने बादली धरली, पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. त्या परत आडव्या झाल्या. तो पलंगाशेजारी जमिनीवर बसला आणि बादली मांडीपाशी धरूनच त्याने डोळे मिटले.

"प्रभू," तो म्हणाला. चांगले शब्द सगळे पाळकसाहेबांकडे होते. "प्रभू, ही चौथीला नाही म्हणतेय. मी बरं म्हणालो. खोटं म्हणालो. मला बरं नाही वाटत. हिला फार त्रास होतोय, तो मी बघतोय, तरी मी म्हणतोय की हिने यावं. मी स्वार्थी माणूस आहे. मला हिच्याशिवाय घरात बसता येत नाही. वीज बिलाचा ग्राहक क्रमांकसुद्धा हिलाच पाठ आहे."

"हे त्याला सांगताय की मला?" बाईंनी भिंतीलाच विचारलं.

"दोघांना."

"मला आधी सांगायचं होतंत."

"तू वाद घालतेस. तो घालत नाही."

बाईंनी चादर डोक्यावर ओढली. झोपायचं असेल म्हणून तो उठायला लागला.

"शेवट नाही केलात," त्या म्हणाल्या.

तो पुन्हा बसला. "हिला चौथीला येऊ दे. मी बरोबर आहे. एवढंच."

"आमेन," बाई म्हणाल्या. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणावं, तितक्याच उत्साहाने. "येते. पाचवीचं आत्ता विचारायचं नाही. आणि ती बादली धुवा आधी, वास मारतेय."