ओन्नीचं बर्फाचं सुपडं

मला फावडं म्हणू नका. फावडं बर्फ उचलतं आणि उचलता उचलता माणसाची कंबर मोडतं. मी बर्फाचं सुपडं आहे. धान्य पाखडायच्या सुपासारखाच माझा आकार, फक्त मी जाड पत्र्याचा, आणि अंगाने एवढा की एखादं माणूस माझ्यात अंग चोरून बसू शकेल. मागे नळी वाकवून केलेली उंच मूठ. मला बर्फात खुपसायचं, भरलो की ढकलत न्यायचं आणि कडेला नेऊन उपडं करायचं. सरोवराकाठच्या आमच्या कॉपर रिज वस्तीत ज्या घराच्या दारी सुपडं नाही, त्या घरात कोणी राहत नाही असंच लोक समजतात.

माझा जन्म तांब्याच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये झाला. ओन्नी कल्लिओ तिथे वेल्डर होता. भंगारात पडलेल्या एका जुन्या टाकीचा पत्रा त्याने जेवणाच्या सुट्टीत कापला, ठोकून वाकवला, आणि मूठ जोडताना स्वतःच्या पोटाला लावून लावून उंची ठरवली. त्यामुळे मी दुसऱ्या कोणाच्या हाताला कधी नीट बसलो नाही. पुढे खाण बंद पडली. वर्कशॉपचं छप्पर कोसळलं. मी मात्र कल्लिओंच्या मागच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकून उभा राहिलो. आतलं सगळं मला ऐकू येई.

आमच्याकडचा बर्फ नुसता आभाळातून येत नाही, तो सरोवरातून येतो. हिवाळ्याच्या तोंडाशी पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं आणि वरून उत्तरेचा गार वारा सुटतो. तो पाण्यावरची वाफ पीत पीत येतो आणि पहिली टेकडी लागली की सगळं ओकून टाकतो. ती पहिली टेकडी म्हणजे आम्ही. हा बर्फ पट्ट्याने पडतो. आमच्या खिडक्या गाडल्या जात असतात आणि पलीकडच्या गावात लोक उन्हात कपडे वाळत घालत असतात. पट्टा कुठे बसेल, हे रेडिओवाल्याला आदल्या संध्याकाळपर्यंत सांगता येत नाही.

म्हणून आमच्याकडे हिवाळ्यापेक्षा हिवाळ्याची वाट पाहणं वाईट. पानं गळली की ओन्नीचा जीव थाऱ्यावर नसे. हिवाळ्याचा अंदाज ऐकायला तो रेडिओला कान लावून बसे, मग उठून बाहेर येई, सरोवराच्या दिशेने नाक वर करून वास घेई, बर्फ चिकटू नये म्हणून माझ्या तळाला मेण घाशी, आत जाई, परत बाहेर येई.

"अरे, बस की एका जागी!" सायमा आतून ओरडे. सायमा म्हणजे त्याची बायको. "त्या सुपड्याला मेण लावून लावून आरसा केलास. आता काय त्यात बघून दाढी करणार?"

"बर्फ येतोय."

"तो दर वर्षी येतो."

पण पहिला पट्टा बसला की ओन्नी शांत व्हायचा. माझी मूठ पोटाशी धरून तो रस्ता काढू लागला की त्याच्या छातीतली धडधड मला नळीतून कळायची आणि ती हळूहळू संथ होत जायची. सायमाने कधी मला हात लावला, तर तो म्हणे, "तुला नाही जमायचं. याला वाऱ्याचं गणित लागतं." ती म्हणे, "बरं बाबा, तू आणि तुझं गणित," आणि वेलदोड्याचा गोड पाव भट्टीत सरकवायला आत जाई.

अशी किती वर्षं गेली. मुलगा रॉय मोठा होऊन दक्षिणेला वाळवंटी मुलुखात स्थायिक झाला. घरातली लाकडाची शेगडी गेली आणि भिंतीत गॅसचा हीटर बसला. धूर बाहेर टाकायला त्याला खिडकीशेजारी एक पाईप होता. थंडीत त्यातून पांढरी वाफ निघायची.

मग एका शरदात, पानं गळून गेली तरी ओन्नी बाहेर आला नाही.

त्याची उजवी बाजू गेली होती. इस्पितळातून आणलं तेव्हा तोंड वाकडं झालं होतं आणि वाचा जवळजवळ गेली होती. एकच शब्द शाबूत राहिला होता, त्याच्या आईच्या फिनिश भाषेतला, "एइ". म्हणजे "नाही". पाणी हवं असलं तरी "एइ", नको असलं तरी "एइ". सायमाने त्याची खुर्ची खिडकीशी ठेवली. काचेच्या आत तो आणि बाहेर मी, असे आम्ही दिवसभर एकमेकांकडे पाहत असू.

रॉयचा फोन आला. सायमाचा आवाज बाहेरपर्यंत आला. "तुझ्या वाळवंटात येऊन तुझे बाबा काय करतील रे? वाळू ओढतील? ... नाही. ... अरे, मला हातपाय आहेत की."

नाताळ जवळ आला तेव्हा रेडिओवर तो अंदाज आला. कॅनडाकडून कडक गार हवा येतेय, वारा वायव्येचा, सरोवर अजून उघडं, गोठलेलं नाही. हिमवृष्टीचा पट्टा कॉपर रिजवर बसेल किंवा उत्तरेला सरकेल. बसला तर दिवसेंदिवस हलणार नाही.

सायमाने रेडिओ बंद केला. ओन्नी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसला होता. त्याचा पाय फरशीवर एकसारखा ठकठक आपटत होता. मलाही मेण लागलेलं नव्हतं. आम्हा दोघांनाही चैन नव्हती.

पट्टा बसला, तो आमच्यावरच.

सायमा ओन्नीचा जुना कोट घालून बाहेर आली. मूठ तिच्या छातीपर्यंत येत होती. तिने मला ढकललं तर मी रुतलो, जोर लावला तर तिरका झालो. शेजारचा ग्लेन स्टिमॅक आपल्या यंत्राने रस्त्यावरचा बर्फ उडवत चालला होता. तो थांबला.

"काय सायमाकाकू, ऑलिम्पिकची तयारी का?"

"तू तुझं यंत्र सांभाळ. गेल्या हिवाळ्यात माझी टपालपेटी उडवलीस, ती अजून सापडली नाही."

"वसंतात सापडेल की! मी काढून देऊ का अंगण?"

"मेले तर काढ."

ग्लेन हसत पुढे गेला. सायमाने मला भरलं, ओढत ओढत घराच्या कडेला नेलं आणि खिडकीजवळ भिंतीशी रिकामं केलं. सरोवराकडून येणारा वारा तिथेच येऊन आपटत होता, पण तिला ती जागा जवळची वाटली.

काचेवर ठक. ठक. ठकठकठक.

ओन्नी डाव्या हातातल्या काठीने आतून खिडकी ठोकत होता. चेहरा लाल झालेला. "एइ! एइ!"

"काय ठोकतोस?" सायमा ओरडली. "काच फुटली तर तीही मीच बसवायची!"

तिने दुसरी खेप तिथेच टाकली. तो पुन्हा ठोकायला लागला. तिसरी खेप. चौथी. शेवटी ती खिडकीशी जाऊन काचेला नाक लावून म्हणाली, "आयुष्यभर म्हणालास मला जमायचं नाही. बघ, जमतंय! आता बस गप!"

ओन्नीची काठी खाली आली. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने तोंड फिरवलं.

बर्फ थांबेना. सायमाने काढलेली वाट तिची पाठ वळेपर्यंत भरून जाई. कुंपण दिसेनासं झालं. मागच्या अंगणातल्या साउनाचं, म्हणजे शेगडी पेटवून वाफेची आंघोळ करायच्या खोलीचं, नुसतं धुराडं वर राहिलं. सायमाची पावलं जड होऊ लागली. डोकं ठणकतंय, असं ती स्वतःशीच पुटपुटत असे. "म्हातारपण, दुसरं काय." ढिगारा खिडकीच्या चौकटीपर्यंत आला होता आणि वाऱ्याने त्यावर आणखी रचून ठेवलं होतं.

मग एका दुपारी ती मला दाराशी टेकवून आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. आत कॉफी उतू गेल्याचा चरचर आवाज आला. तो थांबवायला कोणी उठलं नाही.

"सा... एइ... एइ!" ओन्नीचा आवाज.

"हो रे... देते... जरा पडू दे मला," सायमा म्हणाली. शब्द असे ओघळत होते, जणू ती खूप खोलातून बोलत होती.

काठी आपटल्याचा आवाज आला, खुर्ची पडल्याचा, काहीतरी फरफटत आल्याचा. मग दार उघडलं.

ओन्नी दारात उभा होता. अंगात कोट नाही, पायात घरातले लोकरी मोजे. दार त्याने उघडंच टाकलं. मुद्दाम टाकलं, हे मला नंतर उमगलं. त्याने डावा हात माझ्या मुठीवर टाकला, मूठ पोटाशी घेतली आणि अंगाचा सगळा भार माझ्यावर दिला.

मी निघालो. तसा निघालो, जसा त्या हिवाळ्यात एकदाही निघालो नव्हतो. त्याचा उजवा पाय बर्फात रेघ ओढत येत होता. समोर हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. पण त्याला काही पाहायचं नव्हतंच. भिंतीच्या कडेकडेने तो सरळ त्या ढिगाऱ्याशी गेला आणि मला त्यात खुपसलं. ओढलं. पुन्हा खुपसलं. नळीतून त्याची धडधड येत होती, पण ती संथ होत नव्हती. आणखीच उधळत होती. मग माझी कड कशावर तरी आदळली आणि टणकन आवाज झाला.

पाईप. हीटरचा पाईप.

बर्फात पार गाडला गेला होता तो. जो विषारी वायू बाहेर जायचा, तो घरात साठत होता. ना वास, ना रंग. खिडकीत बसून ओन्नी इतके दिवस त्या वाफेकडे पाहत होता, आणि आज ती दिसेनाशी झाली होती.

त्याने माझ्या कडेने पाईपचं तोंड मोकळं केलं. भस्सकन वाफ बाहेर आली. तो "एइ" म्हणाला, अगदी हळू, आणि माझ्यावरच कोसळला.

किती वेळ गेला मला माहीत नाही. बर्फ त्याच्या पाठीवर साचत होता. माझ्या पत्र्यात मी तेव्हा जेवढा तळमळलो तेवढा कधी तळमळलो नाही. मला हाक मारता येत नव्हती. मला हात नव्हते.

उघड्या दारातून आत गेलेल्या गारठ्याने सायमा जागी झाली. भिंत धरत, ओकत ओकत ती बाहेर आली. "ओन्नी! अरे, कुठे गेलास? ओन्नी!" फरफटलेल्या पायाची रेघ अजून पुरती बुजली नव्हती. त्या रेघेवरून ती आली. तिने त्याला पाहिलं, मग पाईपमधून भसाभस निघणारी वाफ पाहिली, मग स्वतः टाकलेला तो ढिगारा.

"म्हणून ठोकत होतास?" ती म्हणाली. "अरे देवा. म्हणून ठोकत होतास!"

घरात परत जाणं म्हणजे त्याच हवेत जाणं. तिने आजूबाजूला पाहिलं. मग त्याच्या बगलेत हात घालून त्याला माझ्यात लोळवलं, गुडघे दुमडून, स्वतःचा कोट वर घालून. आणि माझी मूठ धरून ती उलटी चालू लागली. मला ढकलत नव्हती, ओढत होती. बर्फ वाहायला केलेल्या मला तेव्हा कळलं की मी याहून जड वजनही नेऊ शकतो. तिला जमत होतं. चांगलं जमत होतं.

साउनाच्या दारापुढचा बर्फ तिने हातांनी उकरला. शेगडीत लाकडं भरलेलीच होती. ओन्नीने आजारी पडायच्या आधी रचून ठेवलेली. थोड्याच वेळात धुराड्यातून धूर निघाला. तो दिसला म्हणूनच ग्लेन आला. एवढ्या वादळात साउना कोण तापवतंय म्हणून पाहायला.

त्याआधी मी दाराबाहेर पडून आतलं ऐकत होतो.

"मला हलवून उठवायचं ना! थोबाडीत मारायची होतीस!" सायमा रडत होती आणि त्याचे पाय चोळत होती. "कोट न घालता बाहेर जायचं? या वयात? वेडा आहेस का?"

"एइ," ओन्नी म्हणाला. मग बराच वेळ घशात काहीतरी घरघरलं आणि शब्द आला. त्या शरदानंतरचा पहिला नवा शब्द. "वारा."

"हो," सायमा म्हणाली. "वाऱ्याचं गणित. शिकव आता मला."

आणि त्याने शिकवलं. पुढचे दोन हिवाळे तो खिडकीतून काठीने दाखवायचा, इकडे, तिकडे, आणि ती तिथे बर्फ टाकायची. कधी मुद्दाम उलट टाकायची आणि तो ठोकायला लागला की हसायची. दुसऱ्या हिवाळ्यानंतरच्या वसंतात, बर्फ वितळताना, ओन्नी गेला. सायमाने त्यानंतरही बरीच वर्षं मला ओढलं. गुडघे गेले तेव्हा तिने घर विकलं आणि ती गावात लिफ्टच्या इमारतीत राहायला गेली.

नवे मालक शहरातले. माणसं वाईट नाहीत. त्यांच्यातल्या टेसा नावाच्या मुलीने मला घासूनपुसून बैठकीच्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगलं आणि माझ्यात सुकी फुलं रचली. पाहुणे येतात, म्हणतात, "काय गोड आहे!" अंगणातला बर्फ यंत्र काढतं.

गेल्या उन्हाळ्यात टेसाने सायमाला कॉफीला बोलावलं. सायमा काठी टेकत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि एक एक फूल काढून टेबलावर ठेवत गेली.

"तुम्हाला परत हवंय का, आजी?" टेसाने घाबरत विचारलं.

"मला अंगणच नाही गं," सायमा म्हणाली. तिचा तळवा माझ्या थंड पत्र्यावर बराच वेळ टेकलेला होता. मग ती म्हणाली, "तुझ्या हीटरचा पाईप कोणत्या भिंतीला आहे, माहीत आहे का तुला?"

टेसाला माहीत नव्हतं. सायमा तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.

आज सकाळपासून खिडक्यांबाहेर पांढरं झालंय. वारा वायव्येचा आहे. भिंतीतून मला कळतं. पाईप त्याच बाजूला आहे आणि ते यंत्र तिथे वळत नाही. टेसा, पोरी, मला या खिळ्यांवरून उतरव. मी तुझ्या हाताला बसणार नाही, सुरुवातीला तिरकाही होईन. तरी उतरव. ऊब मला सोसत नाही.