तारखेनंतरची चव

सासूबाई तपासणीच्या पलंगावरून उतरल्या आणि डाव्या पायाने चप्पल चाचपू लागल्या. चप्पल पलंगाखाली सरकली होती. सुनेने वाकून ती पुढे केली. तेवढ्या वेळात सासूबाईंच्या डोक्यावरून डॉक्टरांचं आणि मुलाचं इंग्रजी वाहून गेलं. टर्मिनल. प्रोग्नोसिस. डिसकंटिन्यू. आजार शेवटाला आला होता, पुढचा अंदाज वाईट होता आणि उपचार थांबवायचे होते. डॉक्टर हळू बोलत होते आणि मुलगा प्रत्येक शब्दाला मान डोलावत होता, कुणी पत्ता समजावून सांगावा तशी.

सासूबाईंना आकडे तेवढे वाचता येत, इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे वाईट बातमीला इंग्रजी कपडे चढवायचे हे घरात न ठरवताच ठरून गेलं होतं. परक्या भाषेतलं दुःख परक्याच्या घरचं वाटतं, बरं असतं. बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं, की उन्हाळ्यापलीकडचं काही धरून चालू नका. तेही इंग्रजीतच. तिथे तर सासूबाई नव्हत्यासुद्धा, पण सवय ती सवय.

गाडीपाशी मुलाने बायकोचा हात धरला.

"तिला काही कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

तिने मान हलवली. शपथ घालणारा आपला हात सोडतच नसेल तर माणूस दुसरं काय करणार?

पण सासूबाईंचे कान तिखट होते. भाषा कळली नाही तरी शब्द त्या अचूक उचलत. दुसऱ्या दिवशी दुपारी, औषधाची गुंगी चढायच्या आधी, त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीतून सुनेला हाक मारली. पडद्यातून पिवळं ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ सावकाश फिरत होती.

"अगं, टर्मिनल म्हणजे काय गं?"

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली उशीची खोळ तिने पुन्हा झटकली.

"स्टेशन. मोठं स्टेशन असतं ना आई, सगळ्या गाड्या येतात ते."

"मग डॉक्टर मला स्टेशन म्हणाले?"

"म्हणजे... तब्येत जागेवर आहे. गाडी उभी आहे, असं."

"अस्सं. आणि प्रोग्नोसिस?"

"भूक," सून म्हणाली. एकदा खोटं बोलायला बसलं की हात सैल होतो. "आणि डिसकंटिन्यू म्हणजे गोळ्यांचा रंग बदलणार."

सासूबाईंनी तिन्ही शब्द पुटपुटून पाहिले आणि मग डोळे मिटले.

त्या दिवसापासून घरात एक वेगळंच इंग्रजी सुरू झालं. मुलगा संध्याकाळी कामावरून आला की सासूबाई सांगायच्या, "आज प्रोग्नोसिस झकास होतं रे, दोन घास जास्त गेले." मुलगा आधी दचकायचा, मग हसायचा, पोट धरून हसायचा आणि तसाच हसत न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा. नळ बराच वेळ वाहत राही. बाहेर सासूबाई आपल्या पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या असत.

दुपारी मात्र त्या सुनेला वेगळंच काही सांगत. औषधाने डोळा लागला की त्या सुनेने सांगितलेल्या मोठ्या स्टेशनवर जात. उंच खिडक्या आहेत म्हणे, आणि त्यातून हेच ऊन येतं. कुणाला घाई नाही. गाड्या नुसत्या येतात, शिट्टीसुद्धा न वाजवता, आणि माणसं उतरून बाकांवर बसतात.

"ओळखीचं कुणी दिसतं का?" सून विचारायची.

"दिसतं की. पण बोलायला गेलं की जाग येते. तुमचं ते दूधवाल्याचं बेल वाजवणं!"

सून हसायची. आपण थापेतून उभं केलेलं स्टेशन, आणि हे माणूस तिथे रोज जाऊन बसतं! तिला अपराधी वाटायचं, आणि थोडा हेवाही.

सून जॅमच्या कारखान्यात होती, सकाळच्या पाळीला. तिथे प्रत्येक खेपेतली एक बाटली विकायला न पाठवता फळीवर ठेवून देत. त्या खोलीला राखीव खोली म्हणत. झाकणावरची तारीख उलटून गेली की सून ती बाटली उघडायची, वास घ्यायची, चमचाभर चाखायची आणि काय टिकलं, काय गेलं ते वर कळवायची. जगाच्या लेखी संपलेल्या वस्तूंची चव घेणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. त्या कामात ती कधी खोटं बोलली नव्हती. चाखून उरलेलं फेकून देत. पण एकदा संत्र्याच्या जॅमची एक बाटली तिच्याच्याने फेकवेना. तिच्या वरिष्ठ बाईंनी पाहिलं आणि कपाटाकडे तोंड फिरवलं. बाटली पिशवीतून घरी आली.

सासूबाईंनी ती उन्हात धरली. त्यातला जॅम काळपट नारिंगी दिसत होता. मग त्यांनी झाकणावरचे आकडे वाचले.

"अगं, ही तर गेल्या वर्षी संपली."

"तारीख संपली, आई. मी चाखलाय. रंग थोडा उतरलाय, चव शाबूत आहे."

"मग तारीख टाकता कशाला?"

"तिथपर्यंत कंपनीची जबाबदारी. पुढे ज्याचं त्याने बघायचं."

"हं." सासूबाईंनी बाटली मांडीवर ठेवली. "चमचा आण."

सुनेने चमचा आणला, त्यांना भरवला. त्यांनी जिभेवर घोळवून घोळवून तो घास संपवला. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता आणि थांबत होता.

"डॉक्टरांनी माझी तारीख कधीची टाकलीय?"

चमचा सुनेच्या हातातच राहिला. शब्दाचा अर्थ विचारला असता तर तिने आणखी एक स्टेशन बांधलं असतं. तारीख विचारली होती. तिला नवऱ्याने धरून ठेवलेला हात आठवला, शपथ आठवली, आणि तरीही तोंडातून दुसरं काही निघेना.

"उन्हाळा," ती म्हणाली.

मग ती रडली. आवाज न करता, उभ्या उभ्या, चमचा तसाच धरून. सासूबाईंनी तिला रडू दिलं. हात लांब करून तिच्या कोपराला धरून राहिल्या.

"उन्हाळा कुठपर्यंत धरतात गं तुमच्यात?" त्यांनी जरा वेळाने विचारलं.

रडतारडता सुनेला हसू फुटलं.

"कळलं होतं मला, सगळंच नाही, पण कळलं होतं. भुकेबद्दल इतकं गंभीर तोंड करून कुणी बोलतं का? पण त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. आपण आईला सांभाळतोय असं वाटतंय त्याला. वाटू दे."

"आई, तुम्ही आधीच का नाही..."

"तुझं स्टेशन आवडलं होतं मला," सासूबाई म्हणाल्या. "ते मोडू नकोस."

संध्याकाळी मुलगा आला. बूट काढतानाच त्याने आतून हाक ऐकली, "आज प्रोग्नोसिस गोड झालं रे!" तो हसत आत आला आणि त्याने बायकोकडे विजयाने पाहिलं. बघ, हिला काही पत्ता नाही, असं त्या नजरेत होतं. सूनही हसली. तिचं हसू किंचित उशिरा पोचलं, पण त्याच्या ते लक्षात आलं नाही. आता तिच्या ओटीत दोन शपथा होत्या आणि दोन्ही माणसं तिचीच होती.

मग त्याला बाटली दिसली. त्याने झाकण उलटंपालटं करून पाहिलं.

"अगं, हे काय! ही तारीख कधीच उलटून गेलीय. आईला हे दिलंस तू?"

तो बाटली घेऊन तडक कचऱ्याच्या डब्याकडे निघाला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण तो थांबला, लहानपणी थांबायचा तसा. "आधी चाखून बघ."

"आई, एक्स्पायर झालंय हे."

"चाख म्हणते ना."

त्याने नाक मुरडत चमच्याचं टोक बुडवलं आणि जिभेला लावलं. सून ओट्याला टेकून त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. त्याने आणखी चमचाभर घेतला, आणि तो संपायच्या आत तिसरा.

"चांगलं आहे की!"

"आहेच मुळी," सासूबाई म्हणाल्या. "पण एवढी घाई करू नकोस. पुरवून खा. उन्हाळाभर पुरायला हवं."