ओळंब्याचा वाफा

“मिस्त्री, हा वाफा आहे का स्लॅब?”

कुंपणापलीकडून शेजारच्या वाफ्यातल्या निवृत्त नर्सने, सिस्टरने विचारलं, तेव्हा ओळंबा गुडघ्यांवर बसून ओल्या मातीवरून गवंड्याची करणी फिरवत होता. माती इतकी गुळगुळीत झाली होती, की वाट चुकलेला एक मुंगळा तिच्यावरून दोनदा घसरला. मग त्याने नाद सोडला आणि कडेकडेने निघून गेला.

“सपाट नको का?” ओळंबा म्हणाला. “मुळा पेरलाय. पाणी एका अंगाला जाईल.”

“जाऊ दे की. पाण्याला दुसरा काय उद्योग आहे?” असं म्हणून सिस्टर आपलं दुखरं ढोपर सांभाळत घरी गेली. ती सकाळची माणूस; ओळंबा पेरणीचा तो दिवस सोडला तर यायचा उन्हं कलल्यावर.

जन्मभर गवंडीकाम केलेला हा गृहस्थ. भिंतीचा सरळपणा जोखायच्या ओळंब्याचं नाव त्याला लोकांनी ठेवलं, आणि ते उगाच नव्हे. त्याच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की माणसाचा पोक जातो, असं साइटवरचे लोक शपथेवर सांगत. एकदा वादळात एका घराचं छप्पर उडालं, दारं उडाली. ओळंब्याची भिंत मात्र तिच्यावरच्या कॅलेंडरासकट उभी राहिली. कॅलेंडराचं पानसुद्धा उलटलं नव्हतं. आता बोला!

पण वाफा त्याचा नव्हता, बायकोचा होता. शहराच्या कडेच्या पडीक जमिनीचे तुकडे पाडून हौशी लोकांना भाजी लावायला दिले होते, त्यातला हा एक. ती काठी रोवायची तर काठीला पालवी फुटायची. ओळंब्याकडे काम एकच, भाजीची पिशवी उचलायची. ती गेली आणि तुकड्यात गवत माजलं. घरात तर फ्रीजशिवाय बोलणारं कुणी उरलं नाही, आणि तोही मधूनमधून गप्प व्हायचा.

मग एक दिवस बागेची देखरेख करणारा माणूस दारात आला. लोक त्याला फूटपट्टी म्हणत. “थंडी पडल्यावर मी बघायला येणार. तोवर तुकड्यात काही उगवलेलं दिसलं नाही, तर तो दुसऱ्याला द्यावा लागेल. लोक रांगेत आहेत.”

“गवत उगवलंय की.”

“गवत आपलं आपण उगवतं. लावलेलं दाखवा.”

हंगाम तर हातचा गेला होता. सिस्टर म्हणाली, “एवढ्या उशिरा मुळाच लावा. बाकी काही तोवर वर दिसायचं नाही.” म्हणून हा मुळा.

तो पेरला, पण उगवायचं नाव घेईना. शेजारी सिस्टरचा मागाहून पेरलेला मुळा पानं हलवून दाखवू लागला. ओळंबा रोज संध्याकाळी यायचा, पाणी घालायचा, आणि वाळलेल्या मातीला तडे गेलेले दिसले की चिखल कालवून हलक्या हाताने बुजवायचा. जन्मभर तडा म्हणजे त्याला स्वतःची अब्रू गेल्यासारखं वाटत आलं होतं.

एका संध्याकाळी विसरलेला विळा न्यायला सिस्टर अवेळी आली आणि तिने त्याला पकडलं.

“काय करताय हो?”

“तडे बुजवतोय. रोज बुजवतो, रोज पडतात. माती हलकी निघाली, सिस्टर.”

सिस्टरने कपाळावर हात मारला. “अहो मिस्त्री! कोंब वर यायला धडपडतायत म्हणून तडे पडतात! जन्मभर बाळंतपणं केली मी, पण बाहेर येणाऱ्याला आत ढकलणारी सुईण पहिल्यांदाच बघतेय.”

ओळंब्याने नखाने मातीची खपली उचलली. खाली पिवळटलेला कोंब मान मोडून पडला होता. शेजारी दुसरा. तिसऱ्याची खपली उचलायचा त्याला धीर झाला नाही.

“सगळे गेले?”

“जे गेले ते गेले. उरलेल्यांच्या आड येऊ नका आता.”

दुसऱ्या दिवसापासून करणी घरी राहिली. ओळंबा बादली पालथी घालून वाफ्यापाशी बसू लागला. तडे रुंदावत होते आणि त्याचे हात शिवशिवत होते. शेवटी तो स्वतःच्या हातांवरच बसला. बायको काही मनातलं काढायला लागली की “होईल गं ठीक” म्हणायची त्याला सवय होती. मग ती भाजी निवडायला लागायची. काय सांगणार होती कुणास ठाऊक. तेही आपण असंच लिंपून टाकलं, असं त्याला त्या बादलीवर बसून वाटलं, आणि मग बराच वेळ दुसरं काही वाटलंच नाही.

थंडी आली आणि तिच्या पाठोपाठ फूटपट्टी आला. वाफा एखाद्या भूकंपातून गेल्यासारखा उकलला होता. ठिकठिकाणी मातीचे पापुद्रे टोपीसारखे डोक्यावर घेऊन मुळ्याचे झुबके उभे होते. बाकी ठिकाणी नुसतीच माती. ओळंब्याने मान खाली घातली.

“काम जरा ओबडधोबड झालंय,” तो म्हणाला. असं बोलायची पाळी त्याच्यावर आजवर आली नव्हती.

फूटपट्टी उकिडवा बसला. “लावलेलंच आहे ना?”

“लावलेलंच.”

“मग राहिला तुकडा तुमच्याकडे.” तो गुडघे झटकत उठला. “पण फार दाटी झालीय. विरळणी करा. एकेक रोप सुटं ठेवा, तरच पोसेल.”

ओळंबा लगेच कामाला लागला. झुबक्यातलं एक रोप ठेवायचं, बाकीची उपटायची. उपटलेली त्याने हातरुमालावर ओळीने निजवली. ती टाकायला काही हात होईना. मग वाफ्याच्या कडेला त्याने बोटाने खळगे केले.

सिस्टर घरी निघाली होती. “उपटलेला मुळा पुन्हा जीव धरत नाही, मिस्त्री. कशाला खटपट?”

“हो. तुम्ही व्हा पुढे.”

बागेत दुसरं कुणी उरलं नव्हतं. लावलेली रोपं आडवी पडत होती. तो एकेकाच्या मानेखाली बोटाने माती सरकवत होता. एकेका खळग्यात त्याने दोन-दोन लावली होती, एकमेकांना टेकून.