मुराळ्याविना आखाजी

झुलालने सही मागितली आणि यशोदाने नाही म्हटलं. घडलं ते एवढंच. पण त्या एका नाहीने भावाबहिणीचं बोलणं जे तुटलं, ते वडिलांच्या, आबांच्या वर्षश्राद्धालाही जुळलं नाही.

आबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली. अमळनेरकडच्या त्या गावात रीत ठरलेली होती. लेकींनी तहसीलला जायचं, हक्कसोडीवर सही करायची, भावाने दिलेली साडी घ्यायची आणि माहेर राखायचं. यशोदाला जमिनीची नड नव्हती. जळगावात तिचं बरं चाललं होतं. नवरा मोतीलाल महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला, घर स्वतःचं. पण त्याच वावरात तिने शाळा सोडून कपाशी निंदली होती. लहानगा झुलाल बांधावरच्या निंबाखाली झोपलेला असायचा आणि ही ओळीमागून ओळ पुढे सरकत जायची. त्या मातीवर आपलं नाव असू नये, हे तिच्या मनाला काही केल्या पटेना. तिने फक्त नाल्याकाठचा, निंबाचा तुकडा मागितला.

झुलालने तो दिला, कायद्यापुढे इलाज नव्हता म्हणून. देताना एवढंच म्हणाला की हिस्सा घे, पण मग आखाजीला मुराळ्याची वाट पाहू नको.

खानदेशातल्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. दिवाळी चुकली तर चालते, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चुकत नाही. माहेरहून मुराळी न्यायला येतो, लेकी गावात जमतात, झोके बांधतात, सासरचं सगळं ओझं चार दिवस खुंटीला टांगून ठेवतात. पहिल्या वर्षी यशोदाने पुरण शिजवलं आणि दिवसभर फाटकाचा आवाज ऐकत बसली. दुसऱ्या वर्षी पुरण शिजवलंच नाही. शेजारणी म्हणाल्या, हिस्सा घेतला की माहेर जातंच, दोन्ही कसं मिळेल? यशोदाला ते खरं वाटत नव्हतं.

मधल्या काळात ती वावर कसत होती. मोतीलालला घेऊन एस.टी.ने जायची, मजूर लावायची, शेजारच्या शेतातल्या शेवंता अक्कांना विचारून दादर ज्वारी पेरायची. झुलालचं वावर लागूनच होतं. तो बांधापलीकडून ट्रॅक्टर घेऊन जायचा आणि मान वळवायचा नाही.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी ती मोतीलालला म्हणाली, "मला न्यायला कोणी येणार नाही. मी माझी जाते."

"कुठे? झुलालच्या दारात?"

"माझ्या वावरात. ते काय माहेरात नाही?"

मोतीलाल उठून माळ्यावरचा जाड दोर काढायला गेला.

सकाळच्या गाडीने दोघं निघाली. पुरण घरूनच वाटून घेतलं होतं, आंबे पिशवीत होते. वावरात पोचल्यावर मोतीलालने निंबाच्या आडव्या फांदीला झोका बांधला, स्वतः बसून पाहिला आणि दोनदा आपटता आपटता वाचला. शेवंता अक्कांनी आपलं खापर, पोळ्या भाजायचं पालथं मातीचं भांडं, आणून दिलं. यशोदाने तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि हातावर पोळी मोठी करत खापरावर टाकली. वास नाल्यापलीकडे गेला.

पण गावच्या लेकी तिथे जमल्या त्या वासाने नव्हे, झाडामुळे. रस्ता रुंद केला तेव्हा गावचौकातले निंब गेले होते. माहेरी आलेल्या लेकींना झोका बांधायला जागा उरली नव्हती. त्या ओसरीवर बसून मोबाईल बघत होत्या. शेवंता अक्कांनी गावात जाऊन सांगितलं की यशोदाच्या निंबाला झोका बांधलाय, तेव्हा आधी दोघीतिघी आल्या, मग लेकराबाळांसकट घोळकाच आला. कुणी सुरतेहून आलेली, कुणी धुळ्याहून. आळीपाळीने झोके सुरू झाले, गाणी निघाली. अर्धी कडवी कुणालाच आठवत नव्हती, ती जिथल्या तिथे रचली गेली आणि त्यात सासूंची चांगलीच धुलाई झाली. यशोदा पोळ्या टाकत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. धुराने, असं ती म्हणाली.

ऊन चढलं तेव्हा नाल्याच्या वाटेने एक बाई एकटीच येताना दिसली. झुलालची बायको, सारिका. गाणं थांबलं. भांडण झाल्यापासून सारिकाही यशोदाशी बोलली नव्हती. ती धुळ्यात वाढलेली, शुद्ध बोलणारी, मितभाषी. आली, चुलीपाशी बसली आणि यशोदाच्या हातातला पुरणाचा उंडा घेऊन हातावर मोठा करायला लागली.

"वहिनी, घरी माहीत आहे का?" यशोदाने हळूच विचारलं.

सारिकाने नकारार्थी मान हलवली. पोळी खापरावर टाकून झाली, तेव्हा ती बोलली.

"मी तर सही दिली होती, अक्का. माझ्या भावांनी मागितली, त्याच दिवशी दिली. तेव्हापासून एकदाही मुराळी आला नाही. दर आखाजीला तुमचे भाऊ मला म्हणतात, बघ, हिस्सा घेतला म्हणून अक्काचं माहेर तुटलं. मग माझं कशाने तुटलं?"

यशोदाने तिचा पिठाचा हात आपल्या पिठाच्या हातात धरला. मग तिने सारिकाला उठवलं आणि झोक्यावर बसवून स्वतः झोका दिला.

सारिका घरी नाही हे कळायला झुलालला वेळ लागला नाही. तो ट्रॅक्टर घेऊनच आला, मागे रिकामी ट्रॉली खडखडत. बांधावर उभा राहून त्याने बायकोला घरी चलायला सांगितलं. सारिका झोक्यावरून उतरली नाही.

"मी अक्कांच्या माहेरी आले आहे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "न्यायला आला असाल तर आधी अक्कांना न्या. त्या आल्या तर मी येते."

झुलालची मान खाली गेली. गावातल्या एवढ्या बहिणी बघत होत्या, आणि त्यांतल्या कितीतरींनी लहानपणी त्याला कडेवर घेतलेलं. यशोदाने मडक्यातलं पाणी तांब्यात घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने ते प्यायलं. तिने ताटात पोळी आणि आंब्याचा रस वाढला. तो बांधावरच बसला आणि गुमान जेवला, दुसरी पोळीही घेतली. जेवता जेवता नजर तिच्या वावरावर फिरवत होता.

"दादर चांगली पिकाडी तू," तो शेवटी म्हणाला. मग ताट खाली ठेवून, "अक्का, आठे कसाले बठनी? घर चाल."

यशोदाच्या ओठांवर लगेच होकार आला होता. पण आज बोलले नाही तर पुढे कधीच बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"घर येसू," ती म्हणाली. "पन हाई वावर मन्हं शे." वावर माझं आहे, हे तिने त्याच्या तोंडावर सांगितलं.

झुलालने निंबाकडे पाहिलं, झोक्यावरच्या बायकोकडे पाहिलं.

"तुन्हंच शे," तो म्हणाला. "कोन नही म्हनस?"

मग ज्या कुणी होत्या त्या सगळ्या ट्रॉलीत चढल्या. खापर चढलं, उरलेलं पुरण चढलं, मोतीलालला दोन बायकांनी हात धरून वर ओढलं. यशोदा पुढे, भावाच्या शेजारी मडगार्डवर बसली. ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा ट्रॉलीतून गाणं एवढं मोठ्याने उठलं की माणसं दुकानांतून बाहेर आली. कुणीतरी विचारलं, झुलालभाऊ, कोणाची वरात?

"बहीन उनी मन्ही," झुलाल म्हणाला आणि वेग कमी केला, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं.

दारात सारिकाने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. ज्या उंबऱ्यावर यशोदाला पुन्हा पाय ठेवता येईल असं गावाला वाटत नव्हतं, तो तिने ओलांडला. आत जाऊन आधी आबांच्या फोटोपुढे उभी राहिली, मग चुलीशी गेली.

दुसऱ्या दिवशी मोतीलाल एकटाच जळगावला परतला. कधी येशील, असं त्याने विचारलं होतं. यशोदा म्हणाली, बघू, माहेरी आलेय, घाई नाही. आणि आठवड्याने ती निघाली तेव्हा झुलाल बसथांब्यावर सोडायला आला होता. बस येईपर्यंत तो तिला पुढच्या हंगामात बांध कसा घालायचा, नाल्याचं पाणी कसं वळवायचं हे समजावत राहिला आणि ती त्याच्याशी दर गोष्टीवर भांडत राहिली.