नुसतं गार जेल

नवऱ्यानं, पारिसाआप्पांनी, जैन मुनिमहाराजांसमोर औषधाचा कायमचा त्याग केला, तेव्हा राजमतीनंही हात जोडले. आप्पांचं वय झालं होतं, सोडावं माणसानं. पण उजवा खांदा काय महाराजांना विचारून दुखत होता? कूस बदलली की आप्पा ओठ आवळून घ्यायचे आणि इकडं ही उठून बसायची.

नात दिव्या निपाणीतच एका दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. ती मशीन घेऊन आली.

"आज्जी, कातड्यावर जेल लावायचं, वरनं हे फिरवायचं. आवाजाच्या लहरी असत्यात, कानाला ऐकू येत न्हाईत. त्यांच्यानं जेलातली दवा आत मुरती. गोळी न्हाय, सुई न्हाय. पण आप्पांना विचारूया की."

"तोंडात जात न्हाय न्हवं? मग कुठलं मोडतंय व्रत," राजमतीनं निकाल देऊन टाकला. उभ्या जन्मात घरातले निकाल तिनंच दिलेले.

जेल लावताना आप्पांनी विचारलं, "ह्यात काय हाय?"

"नुसतं गार जेल. पडा गप," दिव्याच्या आधी राजमतीच बोलली.

हळूहळू आप्पांना झोप लागायला लागली. हात जपाच्या माळेपर्यंत पोचला. भेटायला आलेल्या धाकट्या भावाला, अभिनंदनला ते हसत म्हणाले, "त्यागाचं बळ बघ. औषध सोडलं आणि दुखणंच निघून गेलं."

राजमती तांब्या घेऊन दारातच थांबली. गल्लीला धाकात ठेवलेली बाई, पण त्या हसण्यापुढं तिला उभं राहवेना. भाऊ गेल्यावर ती खाटेशी बसली.

"अवो, जेलात दवा हुती. मीच घालायला लावली."

आप्पांनी हातातली माळ उशाशी ठेवली. चिडले असते तर तिनंही चार शब्द सुनावले असते.

"मला इचारायचं हुतंस."

"न्हाय म्हणाला असता."

"व्हय."

दिव्या परत आली तेव्हा आप्पांनी स्वतःच खांदा उघडा केला. "आता खरंच नुसतं जेल लाव, पोरी. आणि आज्जीला फिरवू दे. तिला कायतरी केल्यागत वाटंल."

दिव्यानं दाखवलं तशी राजमती मशीनची मूठ धरून गोल गोल फिरवत राहिली. पुढं दुखणं परतलं. तिची नजर त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर असायची. तो कळेनं वळला की ती हात हलका करायची.

"गार लागतंय न्हवं?"

"लागतंय की," आप्पा म्हणायचे.